घरातल्या फवारणीचं गणित: लेबर कॅम्पसाठी मॉडेल बांधायला शिकताना

मुंबईत मलेरिया पसरवणारा मुख्य डास म्हणजे अनॉफिलीस स्टिफेन्सी. गच्चीवरची उघडी टाकी, विहीर, बांधकामाच्या जागी स्लॅबवर तुंबवलेलं पाणी, लिफ्टचा खड्डा, ही त्याची घरं. १९११ साली बेंटले यांनी मुंबईच्या मलेरियावर अहवाल दिला, तेव्हाही बोट विहिरींकडेच होतं. १९७१ पासूनच्या शहरी हिवताप योजनेचा भरही अळ्या मारण्यावर आणि टाक्या बंद करण्यावर आहे. भिंतीवर औषध मारून ते महिनोन्‌महिने टिकवणं हे प्रामुख्याने गावाकडचं काम. तरीही शहरात एक प्रश्न दर उन्हाळ्यात येतोच: वरळी-लोअर परळ पट्ट्यात टॉवरच्या पायथ्याशी पत्र्याच्या खोल्यांचा लेबर कॅम्प असतो, तिथे भिंतींवर फवारणी करावी का, केली तर कधी, आणि किती खोल्या सुटल्या तर चालेल? मॉडेल, म्हणजे मलेरिया कसा पसरतो याचं स्प्रेडशीटवरचं गणित, बांधायचं ते या प्रश्नाचं उत्तर काढण्यासाठी. प्रश्न आधी कागदावर एका वाक्यात लिहा. ते वाक्य लिहिता येत नसेल तर स्प्रेडशीट उघडू नका.

आधी औषध कोणतं ते ठरवा

'औषध मारलं' या एका बोलीत तीन वेगळी कामं येतात. गल्लीतून फिरणारी धुराची मशीन हे एक. दुसरं काम खोलीत पायरेथ्रम मारण्याचं. २ टक्क्यांच्या अर्कात एक भागाला १९ भाग रॉकेल घालून ते करतात. तिसरं म्हणजे भिंतीवर थर देणारी फवारणी, डेल्टामेथ्रिन किंवा अल्फासायपरमेथ्रिनची पावडर पाण्यात कालवून केलेली. पहिली दोन त्या घडीला उडत असलेले डास मारतात आणि संपतात. मॉडेलमध्ये त्यांची जागा एका दिवसाच्या घसरणीची. तिसरी मात्र डासाचं रोजचं जगणंच आठवडेच्या आठवडे अवघड करते. नवखे लोक धूरफवारणीला १० आठवड्यांचा परिणाम चिकटवतात आणि मग रुग्ण का घटले नाहीत म्हणून डोकं खाजवतात. इथून पुढे सगळं तिसऱ्या प्रकाराबद्दल आहे.

पायरी १: सूत्रातला एकच आकडा नीट समजून घ्या

रोनाल्ड रॉस यांनी मलेरियाचं गणित मांडलं, जॉर्ज मॅकडोनाल्ड यांनी १९५० च्या दशकात ते पुढे नेलं आणि गॅरेट-जोन्स यांनी १९६४ मध्ये त्यातला डासांचा भाग वेगळा काढून त्याला रोगवहनक्षमतेचं, म्हणजे डासांच्या रोग पसरवण्याच्या ताकदीच्या मापाचं रूप दिलं. सूत्रात माणसामागे डास किती, डास माणसाला दिवसाला किती वेळा चावतो, एका दिवसात तो जगण्याची शक्यता किती आणि जंतू त्याच्या पोटात पिकायला किती दिवस लागतात, एवढंच आहे. जगण्याची शक्यता 'ज' आणि पिकण्याचे दिवस 'न' धरले, तर 'ज'चा 'न'वा घात घ्यायचा. फवारणीची सगळी ताकद या घातात आहे.

'न' तापमानावरून काढता येतो. व्हायवॅक्स या मलेरियाच्या जंतूसाठी १०५ भागिले (तापमान उणे १४.५), फाल्सिपेरम या दुसऱ्या जंतूसाठी १११ भागिले (तापमान उणे १६). मुंबईच्या पावसाळ्यात सरासरी २८ अंश धरलं तर व्हायवॅक्सला सुमारे ८ दिवस आणि फाल्सिपेरमला सव्वानऊ. जानेवारीत २४ अंशांना हेच ११ आणि १४ होतात. मुंबईत व्हायवॅक्सचं प्रमाण जास्त, म्हणून पुढच्या उदाहरणात ८ दिवस धरले आहेत.

'ज' ०.८५ धरा. म्हणजे १०० डासांना आज जंतू लागला तर ८ दिवसांनी त्यातले २७ उरतात. हाच 'ज' फवारणीने ०.७३ वर आला की ८ दिवसांनी उरतात ८. रोजच्या मरणात फरक १२ टक्क्यांचा, पण धोकादायक म्हाताऱ्या डासांत तिपटीहून जास्त.

पायरी २: फवारणी 'ज'मध्ये कशी शिरवायची

डास दर तीन दिवसांनी रक्त पितो असं धरू. प्रत्येक वेळी तो फवारणीने मरण्याची शक्यता म्हणजे तीन आकड्यांचा गुणाकार: फवारलेल्या खोल्यांचा वाटा, रक्त प्यायल्यावर फवारलेल्या भिंतीवर बसणाऱ्या डासांचा वाटा, आणि बसलेला डास मरण्याची शक्यता. ०.८, ०.५ आणि ०.९ घेतले तर गुणाकार ०.३६, म्हणून प्रत्येक रक्तपानातून वाचण्याची शक्यता ०.६४. हा तीन दिवसांचा आकडा आहे, त्यामुळे रोजचा काढायला त्याचं घनमूळ घ्या, ०.८६. मग नवा 'ज' ०.८५ गुणिले ०.८६, म्हणजे ०.७३.

घनमूळ विसरणं ही सर्वांत नेहमीची चूक. ०.६४ रोज गुणला की रोगवहनक्षमता हजारात २ इतकीच उरते आणि कॅम्पमधला मलेरिया पंधरवड्यात गायब. असा चमत्कार दिसला की पहिल्यांदा हाच रकाना तपासा.

दुसरी चूक जरा लपलेली. डास लवकर मरू लागले की त्यांची एकूण संख्याही घटते, कारण टाकीतून रोज निघणारे नवे डास तेवढेच असतात आणि टिकतात कमी. माणसामागचे डास स्थिर ठेवले तर फवारणीनंतर उरलेला धोका दुप्पट दिसतो. दोन्ही परिणाम धरले की वरच्या आकड्यांवर रोगवहनक्षमता मूळच्या ८ टक्क्यांवर येते.

आता याच गणितात एकेक आकडा हलवून बघा. खोल्यांचा वाटा ०.८ ऐवजी ०.५ केला तर ८ टक्क्यांऐवजी २२ टक्के उरतात. मरण्याची शक्यता ०.९ वरून ०.५ वर आली, म्हणजे डास औषधाला सरावले, तर २६ टक्के. आणि भिंतीवर बसणाऱ्यांचा वाटा ०.५ ऐवजी ०.२ असेल तर ३८ टक्के. फवारणीच्या अहवालात खोल्यांचा वाटा ठळक अक्षरात असतो. भिंतीवर बसणाऱ्या डासांचा आकडा कुणी मोजलेलाच नसतो. आणि तोच सर्वांत महाग पडतो.

लेबर कॅम्पच्या खोलीत हा वाटा कमीच असणार, हे आत डोकावलं तरी कळतं. १० बाय १२ च्या खोलीत आडव्या दोरीवर सहा जणांचे कपडे, कोपऱ्यात गुंडाळलेली अंथरुणं, पत्र्याला आतून लावलेली ताडपत्री, खाटेखाली पत्र्याच्या पेट्या. डासाला बसायला भिंतीपेक्षा कपड्यांच्या घड्या बऱ्या. फवारणीवाले कपड्यांवर औषध मारत नाहीत, मारूही नये. हा आकडा मिळवायचा तर पहाटे खोलीत टॉर्च आणि नळी घेऊन बसलेले डास पकडायचे, आणि भिंत, छत, कपडे, सामानाखाली अशी वेगवेगळी नोंद करायची. तेवढी सोय नसेल तर ०.२ ते ०.५ असा पट्टा धरून निकालही पट्ट्यातच सांगा.

पायरी ३: औषध उतरत जातं

डेल्टामेथ्रिन १० ते १२ आठवडे टिकतं असं पुस्तकात असतं. मॅलॅथिऑन ६ ते ८. मॉडेलमध्ये याचा अर्थ '१२ आठवडे पूर्ण, मग शून्य' असा घेतला की चित्र बिघडतं. उतरंड हळू सुरू होते आणि मग झपाट्याने येते. हा आकार पकडायला एक सोपं सूत्र पुरतं: सुरुवातीची मारकशक्ती, म्हणजे भिंतीवर बसलेला डास मरण्याची शक्यता, भागिले (१ अधिक २.७१८ चा, म्हणजे ई चा, घात), घातात (गेलेले आठवडे उणे १३) भागिले २. सुरुवात ०.९५ धरली तर ४ आठवड्यांनी ०.९४, ८ ला ०.८८, १० ला ०.७८, १२ ला ०.५९ आणि १४ ला ०.३६. १३ आणि २ हे आकडे उदाहरणापुरते आहेत, तुमच्या भिंतींवरून ते बदलायचे. औषधाचं 'आयुष्य' संपलं असं ८० टक्के मारकशक्तीला म्हणण्याची पद्धत आहे, ती रेषा इथे दहाव्या आठवड्याच्या जरा आधी ओलांडली जाते.

भिंतीवरची मारकशक्ती कोन चाचणीने मोजतात: प्लास्टिकचा शंकू भिंतीला लावून डास आत ३० मिनिटं ठेवायचे आणि २४ तासांनी मेलेले मोजायचे. सोबत बिनऔषधाच्या पाटीवरही तेवढेच डास ठेवायचे. तिथले ५ ते २० टक्के मेले तर अॅबटची दुरुस्ती लावायची, म्हणजे औषधाविना मेलेल्यांचा हिशोब वगळायचा, २० च्या वर मेले तर चाचणी बाद. पण हा आकडा जसाच्या तसा मॉडेलमध्ये टाकू नका. शंकूत डासाला अर्धा तास बसणं भाग आहे. खोलीत डेल्टामेथ्रिनसारख्या पायरेथ्रॉइड औषधाने पाय चुरचुरले की तो मिनिटाभरात उडून जातो, कधी मरतो, कधी शेजारच्या खोलीत जातो. म्हणून शंकूचा आकडा ही वरची मर्यादा समजा.

मुंबईत उतरंडीला एक वेगळी पायरीही लागते. गणपतीच्या आधी घर धुणं, भिंतीवर हात मारणं, चुना लावणं ठरलेलं. १५ जूनला फवारलेल्या भिंतीला भाद्रपदापर्यंत दहा-अकरा आठवडे झालेले असतात, म्हणजे घसरण नुकती सुरू होते तोच चुना बसतो. कॅम्पात हेच काम नव्या ताडपत्रीने होतं: जोरदार पावसात छत गळलं की आतून नवी ताडपत्री, आणि औषधाचा थर तिच्यामागे. या दोन्हींसाठी 'झाकल्या गेलेल्या भिंतींचा वाटा' असा वेगळा रकाना ठेवा आणि फवारलेल्या खोल्यांच्या वाट्यातून तो तारखेनुसार वजा करत जा.

पायरी ४: सुटलेल्या खोल्या

८० टक्के खोल्या फवारल्या, हा एक आकडा नाही. त्यात दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात.

डास कॅम्पभर फिरत असतील, आज या खोलीत चावले तर उद्या तिसऱ्या ओळीत, तर प्रत्येक डासाला कधी ना कधी फवारलेली भिंत भेटते. तेव्हा वरचे ८ टक्के बरोबर. पण सुटलेल्या २० टक्के खोल्या एकाच टोकाला असतील आणि तिथल्या पिंपात वाढलेले डास तिथेच चावत असतील, तर फवारलेल्या भागात ४ टक्के उरतात, सुटलेल्या भागात पूर्ण १००, आणि सरासरी निघते २३ टक्के. फवारलेल्या खोल्या तेवढ्याच, औषध तेवढंच, आणि उरलेला धोका जवळपास तिप्पट.

प्रत्यक्षात दुसरं चित्रच जास्त भेटतं, कारण खोल्या विनाकारण सुटत नाहीत. रात्रपाळीचे कामगार दिवसा झोपलेले असतात आणि एका मुकादमाची माणसं सहसा एकाच ओळीत राहतात, म्हणून ती अख्खी ओळ सुटते. गावी गेलेल्यांच्या खोल्यांना कुलूप. स्वयंपाकाच्या वेळी पथक आलं तर बायका 'नंतर या' म्हणतात, आणि त्यांचं बरोबरच असतं, कारण भांडी बाहेर काढायला कुणी वेळ दिलेला नसतो. मॉडेलमध्ये किमान दोन तुकडे करा, फवारलेला आणि सुटलेला, आणि रोज किती टक्के डास इकडून तिकडे जातात असा एक आकडा ठेवा. तो ० पासून ५० टक्क्यांपर्यंत हलवून बघा. निकाल फारसा हलला नाही तर निर्धास्त व्हा. खूप हलला तर पथकाला संध्याकाळची दुसरी फेरी लावणं हे जास्तीच्या औषधापेक्षा स्वस्त पडेल, आणि तेच उत्तर वॉर्डात द्यायचं.

पायरी ५: शीट मांडा

एक ओळ म्हणजे एक दिवस. १ एप्रिल ते ३० नोव्हेंबर, २४४ ओळी. एप्रिलपासून सुरुवात अशासाठी की पाऊस यायच्या आत आकडे स्थिरावले पाहिजेत. मोसमी पाऊस मुंबईत सर्वसाधारणपणे ११ जूनच्या आसपास येतो.

रकाने असे: तारीख, फवारणीला झालेले दिवस, मारकशक्ती, फवारलेला वाटा, त्या दिवसाचा 'ज', नवे निघालेले डास, एकूण डास, आज जंतू लागलेले डास, जंतू पिकलेले डास, निरोगी माणसं, बाधित माणसं, आजच्या नव्या बाधा, बाहेरून आलेले बाधित.

घात बसतो तो रकाना जपून भरा. आज जंतू पिकलेले डास म्हणजे ८ ओळी वर ज्यांना जंतू लागला त्यांच्यातले आजवर जगलेले. त्यासाठी मधल्या आठही दिवसांचे 'ज' एकमेकांना गुणायचे. आजच्याच 'ज'चा आठवा घात घेतला तर फवारणीच्या दुसऱ्याच दिवशी धोकादायक डास दोन-तृतीयांशाहून जास्त घटलेले दिसतात, जे शक्य नाही, कारण आधीच्या आठवड्यातले दिवस ते बिनफवारणीच्या भिंतींवर जगले आहेत.

बाहेरून येणाऱ्यांचा रकाना कधीही शून्य ठेवू नका. ओडिशा, झारखंडातून कामगार येत-जात असतात, काहींच्या रक्तात फाल्सिपेरम असतो. हा रकाना शून्य ठेवला की मॉडेल मलेरिया संपवून टाकतं आणि परत कधीच येऊ देत नाही.

शीट बरोबर आहे का हे बघायला फवारणी बंद करा, नवे डास रोज ६० आणि 'ज' ०.८५ ठेवा. एकूण डास ४०० वर स्थिर व्हायला हवेत, कारण ६० भागिले ०.१५. 'ज' ०.७३२५ केला तर २२४. हे जुळलं नाही तर पुढे जाऊ नका. (वरची टक्केवारी सलग काळाच्या सूत्राने काढली आहे, दिवसागणिक शीटमध्ये एखाद-दोन टक्के इकडेतिकडे होतील.) नंतर बाधित आणि निरोगी माणसांची बेरीज दर ओळीला कॅम्पच्या लोकसंख्येएवढी येते का ते पाहा. ती घसरत असेल तर बरे झालेले लोक कुठेतरी गळतायत.

पायरी ६: खऱ्या रुग्णांशी जुळवणी

इथे घाई नको. चावल्यापासून व्हायवॅक्सचा ताप यायला साधारण १२ ते १७ दिवस लागतात, त्यावर रक्ततपासणीचे दोन-तीन. फवारणीच्या आदल्या रात्री चावलेली माणसं पंधरवड्याने दवाखान्यात येतात. शिवाय व्हायवॅक्स यकृतात दडून महिन्यांनी उलटतो, आणि त्या उलटलेल्या तापाला फवारणीशी काही घेणंदेणं नाही. १४ दिवसांच्या प्रायमाक्विनने तो थांबतो, भिंतीवरच्या औषधाने नाही. म्हणून पहिले तीन-चार आठवडे आलेख सपाट राहिला तर मॉडेलचे आकडे ओढूनताणून बसवू नका, आणि फवारणी फसली असंही लिहू नका. उलटलेल्या तापाचा वेगळा रकाना नसलेलं मुंबईचं मॉडेल औषधावर नेहमी अन्याय करतं.

पायरी ७: फवारणीची टाक्यांशी तुलना करा

सूत्रात डासांची संख्या साधी गुणली जाते, घातात नाही. कॅम्पातल्या आणि साइटवरच्या टाक्या, पिंपं बंद करून नवे डास ७० टक्क्यांनी घटवले तर रोगवहनक्षमता ३० टक्क्यांवर येते. घाताच्या तुलनेत हे फिकं वाटतं, आणि डीडीटीच्या काळात जगभर भिंतींवर भर दिला गेला त्यामागे हेच गणित होतं. पण ज्या कॅम्पात डास कपड्यांवर बसतात तिथे फवारणी ३८ टक्क्यांवर अडते, हे वर आलंच. तिथे झाकणं जिंकतात. आणि स्टिफेन्सीच्या टाक्या मोजता येतात, झाकता येतात, ही मुंबईची सोय आहे. आमच्या मते शहरातल्या कोणत्याही फवारणीच्या मॉडेलमध्ये ही तुलना नसेल तर ते अर्धवट आहे.

डेंग्यूसाठी हेच शीट वापरायचं असेल तर बसण्याच्या जागा बदला. डेंग्यूचा डास एडिस दिवसा चावतो आणि खाटेखाली, कपाटामागे, भिंतीच्या खालच्या दीड मीटरात अंधाऱ्या जागी बसतो. छतावरची फवारणी त्याच्यासाठी वाया.

पायरी ८: मॉडेलमधून पंपापर्यंत

निकाल औषधाच्या किलोंमध्ये आला की मगच कुणी वाचतं. १२० खोल्या, प्रत्येकी भिंती आणि छत मिळून ४० चौरस मीटर, एकूण ४,८००. डेल्टामेथ्रिन २.५ टक्के पावडरीची मात्रा चौरस मीटरला २० मिलिग्रॅम. १० लिटर पाण्यात ४०० ग्रॅम कालवलं की ५०० चौरस मीटर होतात. म्हणून ९६ लिटर द्रावण आणि ३.८४ किलो पावडर. उलटा ताळा करा: ४,८०० गुणिले २० मिलिग्रॅम म्हणजे ९६ ग्रॅम शुद्ध औषध, भागिले ०.०२५, म्हणजे ३,८४० ग्रॅम. जुळलं.

मात्रा प्रत्यक्षात भिंतीवर पोचते का हे नोझलवर ठरतं. मिनिटाला ७४० ते ८५० मिली आलं पाहिजे, मोजपात्र लावून पाहा. नोझल झिजलं की जास्त येतं, गाळ अडकला की कमी. द्रावण कापडातून गाळून घेतलं नाही तर पावडरीच्या गुठळ्या हमखास अडकतात. नोझल भिंतीपासून ४५ सेंटिमीटरवर हवं. अरुंद खोलीत खाटेमुळे माणूस मागे राहतो, अंतर वाढतं आणि त्या भिंतीवर निम्मंच औषध बसतं. म्हणून सुरुवातीची मारकशक्ती सगळ्या खोल्यांना ०.९५ न देता काहींना ०.७ द्या.

पुढच्या वर्षी हेच मॉडेल सुधारायचं असेल तर पथकाकडून खोलीवार नोंद घ्या: तारीख, पूर्ण की अर्धी फवारली, सुटली तर कारण, भिंत पत्र्याची की विटांची, आतून ताडपत्री आहे का, आणि रात्री तिथे किती जण झोपतात. दारावर खडूने तारीख लिहायची पद्धत आहेच. ती पावसात पुसली जाते, म्हणून वही हवी.